कोंबडीला मका घालावा का? घालावा, पण पोटभर नव्हे

परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो: घरचा मका आहे, कोंबड्या तो आवडीने टिपतात, मग विकतचं खाद्य आणायचं कशाला? मका घालावाच. इतकी ऊर्जा देणारं, पचायला हलकं आणि गावोगावी मिळणारं धान्य कोंबडीसाठी शोधूनही सापडायचं नाही. आपल्याकडच्या तयार खाद्यातही साधारण निम्मा भाग मक्याचाच असतो. पण उरलेला निम्मा कशाचा असतो हे न बघता नुसता मका टाकत राहिलं, की आधी अंड्याचं कवच पातळ होतं, मग अंडी कमी होतात, मग थांबतात. आणि दोष कोंबडीच्या जातीला दिला जातो.

एका कोंबडीचा एका दिवसाचा हिशेब

दीड किलो वजनाची, अंड्यावर असलेली म्हणजे अंडी देत असलेली गावरान कोंबडी धरा. ती खुराड्यात कोंडलेली आहे आणि तिला दिवसभरात ९० ग्रॅम मक्याशिवाय दुसरं काही मिळत नाही. तिच्या पोटात ऊर्जा गेली साधारण ३०० किलोकॅलरी, म्हणजे गरजेपेक्षा थोडी जास्तच. प्रथिनं ८ ग्रॅम. कॅल्शियम १८ मिलिग्रॅम.

आता ती काय देते ते बघू. ४५ ग्रॅमच्या अंड्यात साडेपाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. कवच साडेचार ग्रॅमचं, आणि त्यात पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मंच कवचापर्यंत पोचतं, म्हणून पोटात तीन ग्रॅम तरी जायला हवं. एवढं कॅल्शियम नुसत्या मक्यातून मिळवायचं तर त्या कोंबडीला दिवसाला १५ किलो मका खावा लागेल.

अर्थात ती पहिल्या दिवशी अंडी बंद करत नाही. अंड्यावर येताना कोंबडीच्या पायांच्या हाडांत कॅल्शियमचा साठा तयार झालेला असतो; तो ती काढून वापरते. म्हणून पहिली काही अंडी अगदी चांगली येतात आणि पाळणाऱ्याला वाटतं, मका मानवला. मग कवचावर खरखरीतपणा येतो, उचलताना अंडं दबतं, एखादं नुसत्या पापुद्र्यातलं मऊ अंडं पडतं. त्यानंतर अंडी थांबतात. काही कोंबड्या पायावर उभ्या राहीनाशा होतात, कारण तोवर हाडं पोकळ झालेली असतात.

प्रथिनांचा घोळ याहून फसवा आहे. ८ ग्रॅम प्रथिनं अंड्यातल्या साडेपाच ग्रॅमपेक्षा जास्त दिसतात, मग अडचण कुठे? अडचण दोन ठिकाणी. शरीराची रोजची झीज, पिसं, स्नायू यांनाही प्रथिनं लागतात. आणि प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतली लायसिन, ट्रिप्टोफॅन मक्याच्या प्रथिनात फार कमी, मेथिओनिनही अपुरं. ९० ग्रॅम मक्यातून लायसिन मिळतं पाव ग्रॅमहूनही कमी. रोज अंडं द्यायला त्याच्या अडीचपट तरी लागतं. चुन्याविना नुसत्या विटांनी भिंत उठत नाही, तसं एक अमिनो आम्ल कमी पडलं की बाकीची वाया जातात. मक्यात फॉस्फरस आहे, पण त्यातला बहुतेक फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला, कोंबडीला न पचणारा. नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्वही बांधलेल्या, कोंबडीला न मिळणाऱ्या रूपात असतं. बदकं पाळणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. बदकाच्या पिलांना नायसिन कोंबडीपेक्षा जास्त लागतं आणि नुसत्या मक्यावर वाढवलेल्या पिलांचे पाय वाकतात.

मग मक्यात आहे काय? किलोला ३३०० किलोकॅलरीच्या वर ऊर्जा, ३.५ ते ४ टक्के तेल, तंतू जेमतेम दोन-अडीच टक्के. त्या तेलातलं लिनोलेइक आम्ल अंड्याचा आकार राखायला उपयोगी पडतं. पिवळ्या मक्यातल्या रंगद्रव्यामुळे बलक पिवळाधमक होतो, पायांचा आणि चोचीचा रंग खुलतो. जे आहे ते उत्तम आहे, जे नाही ते दुसरीकडून आणायचं, एवढाच प्रश्न.

भूक भागली की कोंबडी थांबते

कोंबडी साधारणपणे ऊर्जेची गरज भागेपर्यंत खाते. मक्याने ती गरज लवकर भागते आणि ती खाणं थांबवते. म्हणजे भांड्यात चांगलं लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) भरून ठेवलंय आणि घरातलं प्रत्येक जण येता-जाता मूठभर मका टाकतंय, तर त्या मुठींनी चांगल्या खाद्याची जागा खाल्ली. १६-१७ टक्के प्रथिनांच्या ८० ग्रॅम खाद्यातलं ३० ग्रॅम काढून तिथे मका घातला, तर एकूण प्रथिनं १४ टक्क्यांच्या खाली उतरतात आणि साडेतीन टक्के कॅल्शियम घसरून सव्वादोनवर येतं. खाद्य महागाचं आणलं, तरी कोंबडीच्या वाट्याला ते पातळ होऊनच आलं.

म्हणून तयार खाद्यावर असलेल्या कोंबडीला वरून द्यायचा मका दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांत बसवा, म्हणजे ८ ते १० ग्रॅम. हातात घेतला तर ३०-३५ दाणे होतात. फार कमी वाटतो, पण तेवढाच.

मोकळ्या सोडलेल्या गावरान कोंबडीचं गणित मात्र वेगळं. तिला उकिरड्यातल्या अळ्या, गवताचं बी, कोवळा पाला, गांडुळं, गोठ्यातलं सांडलेलं हे सगळं मिळतं. किडे आणि पाला यांतून प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळतात. कमी पडते ती मुख्यतः ऊर्जा, आणि अंड्यावर असेल तर कॅल्शियम. अशा कोंबडीला संध्याकाळी ३० ते ४० ग्रॅम मका हा अगदी योग्य खुराक आहे. दहा कोंबड्यांना दिवसाला ४०० ग्रॅम, महिन्याला १२ किलो. २०२५-२६ च्या क्विंटलला २४०० रुपये हमीभावाने धरलं तर महिन्याचा खर्च तीनशेच्या आत. या पद्धतीत मक्याइतकं किफायतशीर दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

संध्याकाळीच का? एक तर मक्याच्या लोभाने कोंबड्या वेळेवर परततात आणि मोजून आत घेता येतात. दुसरं, भरल्या पोटी रात्र जाते, थंडीत हे महत्त्वाचं. आणि सकाळी उपाशीपोटी सुटल्या की दिवसभर स्वतः चरतात. सकाळीच मका घातला की परसातच पेंगत बसतात.

कवचाचा दाणाही संध्याकाळीच. अंड्याचं कवच मुख्यतः रात्री तयार होतं. शिंपल्याचा किंवा चुनखडीचा जाडसर, दोन ते चार मिलिमीटरचा चुरा पेट्यात, म्हणजे दाणा दळणाऱ्या जठरात, हळूहळू विरघळतो आणि रात्रभर कॅल्शियम पुरवत राहतो. तोच माल पिठासारखा बारीक असेल तर अंधार पडेपर्यंत निघून जातो. चुरा मक्यात मिसळू नका. वेगळ्या टोपल्यात ठेवा, जिला हवा ती खाईल. कोंबड्याला आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना तो नको असतो; त्यांच्या खाद्यात जास्त कॅल्शियम गेलं तर मूत्रपिंडं बिघडतात. कोकणात तिसऱ्या-कालवांची कवचं फुकट मिळतात. ती भाजून कुटली की झालं. घरातली अंड्याची कवचंही चालतात, मात्र तव्यावर कडक भाजून आणि पूर्ण चुरा करून. अख्ख्या कवचाची चव लागली की कोंबडी घरट्यातलं अंडं फोडायला शिकते.

दाणा अख्खा की भरडलेला

मोठ्या कोंबडीला अख्खा मका चालतो. तिचा पेटा ताकदवान असतो, पण त्याला दळायला खडे हवेत. मोकळी कोंबडी ते स्वतः शोधते. जाळीत किंवा गच्चीवर असलेल्या कोंबडीला ज्वारीच्या दाण्याएवढी धुतलेली वाळूची खडी वेगळ्या भांड्यात ठेवावी लागते. संगमरवराची चुरी या कामाला उपयोगी नाही, ती विरघळून जाते. तिचा उपयोग कॅल्शियमसाठी.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिलांना अख्खा दाणा नको. त्यांना ज्वारीच्या कणीइतका बारीक भरडा हवा, आणि तोही खाद्याचा एक घटक म्हणून. पहिल्या महिन्यात पिलांना २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. नुसत्या मक्याच्या कणीवर वाढवलेली पिलं जगली तरी खुरटतात, पंख लोंबतात, बोटं आत वळतात. एवढ्या लहान वयातली वाढ नंतर भरून निघत नाही, म्हणून इथे काटकसर करूच नये. पहिले सहा-आठ आठवडे स्टार्टर, म्हणजे पिलांसाठीचं तयार खाद्यच द्या. एका पिलाला या काळात लागून लागून किती खाद्य लागतं? गावरान पिलू असेल तर सव्वा-दीड किलो.

गिरणीतून भरडून आणताना 'कोंबडीसाठी' म्हणून सांगितलं की बऱ्याचदा पीठच हातात येतं. एका दाण्याचे चार-सहा तुकडे व्हावेत, एवढीच भरड हवी. पीठ चोचीला चिकटतं, पाण्याच्या भांड्यात जातं, वाऱ्याने उडतं आणि कोंबडी ते टाळते. भरडा एका वेळी थोडाच आणा. दाणा फुटला की अंकुरातलं तेल हवेला उघडं पडतं आणि खवट व्हायला लागतं. उन्हाळ्यात पंधरा दिवस, पावसाळ्यात आठ-दहा दिवस, त्यापेक्षा जास्त दिवसांचा साठा नको. अख्खा सुका मका मात्र महिनोन्‌महिने राहतो.

घरी खाद्य करायचं असेल तर

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी १० किलो खाद्य असं जमतं. मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीन पेंड २ किलो २०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, चुनखडी किंवा शिंपल्याचा चुरा ८५० ग्रॅम, कोंबड्यांसाठीचं फॉस्फरसयुक्त खनिज मिश्रण २२० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. यात प्रथिनं साधारण साडेसोळा टक्के आणि कॅल्शियम पावणेचार टक्क्यांच्या आसपास बसतं. गावरान कोंबडीला हे पुरतं. ग्रामप्रिया किंवा तशा जास्त अंडी देणाऱ्या जाती असतील तर १० ग्रॅम मेथिओनिन घाला. ते पशुखाद्याच्या दुकानात मिळतं. कोंबड्या कायम बंदिस्त असतील तर जीवनसत्त्वांचं मिश्रण पाकिटावरच्या मापाने घालावं लागतं, त्याला पर्याय नाही. मोकळ्या कोंबडीला ते ऊन आणि पाल्यातून बरंचसं मिळतं.

मिसळताना मीठ, खनिज, मेथिओनिन हे थोडे-थोडे जिन्नस आधी अर्धा किलो भरड्यात नीट कालवा, मग ते मिश्रण दोन किलोत, आणि मग सगळ्यात. एकदम ढिगावर टाकलं तर एखाद्या कोपऱ्यात मीठच मीठ होतं, आणि जास्त मिठाने कोंबड्या पाणी पीत सुटतात, पातळ हगतात, पिलं तर मरतातही. चुनखडी या मिश्रणातच असल्याने हे खाद्य कोंबडे, तलंगा आणि पिलं एकत्र असलेल्या कळपाला घालू नका. तिथे चुनखडी वगळून खाद्य करा आणि शिंपला वेगळा ठेवा.

या मिश्रणात कोंबड्या आधी मका वेचतात. पिवळा, ठसठशीत तुकडा लगेच नजरेत भरतो. दांडगी कोंबडी मका संपवते आणि मागच्यांना कोंडा-पेंडीचा गाळ उरतो. उपाय सोपा आहे: सकाळचं खाद्य किंचित पाणी किंवा ताक शिंपडून कालवा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोट लावताच सुटावा, इतपतच ओल. तीन तासांत संपेल एवढंच घाला. उरलेलं काढून टाका, आंबू देऊ नका.

सोयाबीनबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी सोयाबीन असतं, आणि प्रथिनं हवीत म्हणून कच्चं भरडून मक्यात मिसळलं जातं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला रोखणारा घटक असतो. त्याने प्रथिनं पचतच नाहीत, उलट कोंबडीची वाढ मागे पडते. पेंड तयार होताना उष्णतेने हा घटक नष्ट होतो. घरचं सोयाबीन वापरायचं तर कढईत मंद आचेवर, सतत हलवत, दाणा आतपर्यंत बदामी होऊन तडतडेपर्यंत भाजा. एक दाणा दाताखाली फोडून बघा, हिरवट कच्ची चव राहिली असेल तर अजून भाजायला हवं. काळा पडला तर लायसिन जळालं.

शेंगदाणा पेंड चालते, पण तिच्यात लायसिन आणि मेथिओनिन दोन्ही कमी. मक्यातही तेच कमी आहे, त्यामुळे या जोडीने खड्डा भरत नाही. शिवाय बुरशीच्या विषाची भीती दोन्हींत. पेंडीचा अर्धाच भाग शेंगदाण्याचा ठेवा, अर्धा सोयाबीनचा. कोकणात सुकट, जवळा, मासळीची कुटी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा खुराक आहे आणि तो खरोखर गुणाचा, कारण मक्या-तांदळात जे नाही तेच मासळीत आहे. मात्र मिठाची सुकट पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या आणि खाद्याच्या पाच टक्क्यांवर जाऊ नका, नाहीतर अंड्याला वास मारतो.

अझोला या पाण्यावर वाढणाऱ्या वनस्पतीचं कौतुक ऐकून पेंड बंद करणारेही आहेत. अझोला चांगला आहे, पण ओल्या अझोलात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. १०० ग्रॅम ओल्या अझोलातून दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. हिरवा चारा म्हणून द्या, पेंडीच्या जागी नको.

बुरशी: इथे चूक परवडत नाही

वर सांगितलेल्या उणिवा भरून काढता येतात. बुरशी लागलेल्या मक्याचं तसं नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून मक्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृतावर घाला घालतं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभराहून जास्त माणसं दगावली होती. त्याच मक्याला 'माणसांना नको, कोंबड्यांना घालू' म्हणणं किती चुकीचं, हे यावरून कळावं. कोंबडी मोठ्या माणसापेक्षा वजनाने कितीतरी लहान, आणि ती रोज तेच खाते.

हे विष उन्हात वाळवून जात नाही, शिजवून जात नाही, दळून तर मुळीच जात नाही. बुरशी मरते, तिने सोडलेलं विष तसंच राहतं. म्हणून धुऊन-पुसून चकचकीत केलेला मका सुरक्षित समजू नये.

दाणा हातात घेऊन बघायची सवय लावा. कणसाला चिकटलेलं टोक आणि अंकुराची पांढरट बाजू वर करा. निरोगी दाण्याचा अंकुर स्वच्छ, फिकट असतो. तिथे हिरवट-पिवळी किंवा राखाडी-काळपट भुकटी दिसली, अंकुराच्या कडेने सालीखाली निळसर-काळी रेघ दिसली, किंवा फोडल्यावर कुबट वास आला, तर तो माल नको. शंभर दाण्यांत असे तीन-चार जरी सापडले तरी पोतं परत करा. तळहातावर पोत्याच्या तळातला मका घ्या, वरचा नको; दुकानदार दाखवतो तो वरचा असतो. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, खिसे-खिसे असतात. फुटक्या, किडक्या दाण्यांत आणि भुकटीत ते जास्त सापडतं. म्हणून चांगला दिसणारा मकाही आधी चाळून, सुपात पाखडून घ्या आणि खाली पडलेला चुरा फेकून द्या. तो चुराच बहुतेक घरांत कोंबड्यांपुढे टाकला जातो. नेमकं उलटं होतं.

खरिपाचा मका दिवाळीच्या सुमाराला बाजारात येतो तेव्हा तो ओलाच असतो, दाण्यात २० टक्क्यांच्या वर पाणी असू शकतं. साठवायला १२-१३ टक्के हवं. घरी तपासायला मिठाची बाटली पुरते. काचेची कोरडी बाटली घ्या. तिचा पाव भाग मक्याने भरा, तव्यावर गरम करून कोरडं केलेलं दोन-तीन चमचे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. काचेला मीठ चिकटून राहिलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे; पोतं उघडून ताडपत्रीवर पातळ पसरवा, दुपारी दोनदा हलवा, संध्याकाळी दव पडण्याआधी गोळा करा. मीठ तळाशी मोकळं पडलं तर मका साठवण्यालायक होत आला. दाताखाली कट्‌कन फुटणारा दाणाही तेच सांगतो, पण त्याला अनुभव लागतो.

साठवताना पोतं जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. घट्ट झाकणाचं पिंप उत्तम, पण पूर्ण सुका मकाच त्यात भरा. ओला भरला तर आठवड्याभरात आतून वाफ येते. सोंडे झालेला मका कोंबड्या किड्यांसकट आनंदाने खातात आणि ते किडे बाधत नाहीत. पण सोंड्यांनी दाण्याचा पिठूळ भाग आधीच संपवलेला असतो आणि त्यांच्या श्वासाने पोत्यात ओल वाढते, मग बुरशी येते. सोंडे दिसले की तो माल लवकर संपवा.

विषाची लक्षणं हळू येतात: खाणं कमी, तुरा फिका, अंडी कमी, पिलं एकसारखी न वाढता लहान-मोठी. शिवाय प्रतिकारशक्ती उतरते, त्यामुळे मानमोडीची लस देऊनही रोग येतो आणि लसच खराब होती असं वाटतं. अशा वेळी पहिलं काम म्हणजे मका बदलणं. औषधं नंतर.

आणखी एक धोका, आणि याला अपवादच नाही. लाल-गुलाबी रंग दिलेलं बियाण्याचं मक्याचं पाकीट उरलं म्हणून कोंबड्यांना घालू नये, धुऊनही नाही. त्या रंगाबरोबर बुरशीनाशक आणि कीटकनाशक असतं. थायरमसारख्या बुरशीनाशकाने मऊ कवचाची अंडी आणि पिलांच्या पायात विकृती येते, कीटकनाशकाने कोंबडी तासाभरात मरूही शकते. पेरणी चालू असताना त्या शेतात कोंबड्या सोडू नका.

उन्हाळा, खुडूक आणि पीस गळणं

'मका उष्ण पडतो' असं गावोगावी म्हणतात आणि मार्च लागला की तो बंद करतात. कुठलंही खाद्य पचताना शरीरात उष्णता निर्माण होते, आणि त्यात प्रथिनांचा वाटा मक्याच्या पिठूळ भागापेक्षा जास्तच असतो. तरीही उन्हाळ्यात मका कमी करणं बरोबर आहे, कारण वेगळं. तापलेल्या दिवसांत कोंबडी एकूणच कमी खाते. त्या थोडक्या खाण्यात मक्याचा वाटा तोच राहिला तर प्रथिनं आणि कॅल्शियम फारच कमी पडतं. शिवाय धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचाला लागणारा कच्चा मालच घटतो. म्हणून मका वीस ग्रॅमवर आणा, सकाळी ऊन चढण्याआधी ओलं खाद्य द्या, दुपारी फक्त गार पाणी. परसही त्या दिवसांत कोरडं असतं, किडे नसतात. प्रथिनं आपणच द्यावी लागतात. पावसाळ्यात उलट. किडे-गांडुळं भरपूर, तेव्हा संध्याकाळचा मका चाळीस ग्रॅमपर्यंत खुशाल द्या. थंडीत रात्री लांब असतात, तेव्हाही.

गच्चीवर, जाळीत बसून खाणाऱ्या कोंबड्यांना जास्त मका दिला की चरबी चढते. वरून धष्टपुष्ट, तुरा फिका, आणि उन्हाळ्यातल्या एका दुपारी अंड्यावरची कोंबडी अचानक मेलेली सापडते. चिरून बघितलं तर पोटात चरबीचा थर आणि पिवळं, बोटाने चुरगळणारं यकृत, त्यावर रक्ताची गाठ. हा रोग लागट नाही, पण त्याच खाण्यावर असलेल्या दुसऱ्या कोंबडीचीही तीच गत होऊ शकते.

अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीला मात्र अख्खा मका हाच सर्वांत चांगला खुराक. ती एकवीस दिवस अंडी देत नाही, त्यामुळे कवचाची आणि जास्त प्रथिनांची गरज नसते. हवी असते ती ऊब धरून ठेवायला ऊर्जा. दिवसातून एकदा उठते, तेव्हा पटकन गिळून होतं, विष्ठा घट्ट राहते आणि घरटं साफ राहतं. पिलं बाहेर आली की लगेच पिलांच्या खाद्यावर तिलाही घ्या.

पीस गळण्याच्या दिवसांत मका जवळजवळ बंद ठेवा. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच. तेव्हा मका वाढवला की नवी पिसं उशिरा येतात, कमजोर येतात, आणि कळपात एकमेकींची पिसं उपटणं सुरू होतं. याउलट मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांना शेवटचे तीन-चार आठवडे मका वाढवावा. मांसाला चरबी येते, कातडी पिवळी होते, आणि गावरान म्हणून गिऱ्हाईक तेच बघतं.

मक्याऐवजी

नगर-नाशिककडच्या बाजरीच्या पट्ट्यात निम्मा मका काढून बाजरी घालायला काहीच हरकत नाही. बाजरीत ११ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, दाणा लहान म्हणून भरडावा लागत नाही. फक्त बलक फिका होईल. ज्वारीचंही तसंच, आपली पांढरी ज्वारी चालते, काळपट-लाल जातींत पचनाला अडथळा आणणारं टॅनिन जास्त असतं, त्या टाळा. कोकणात तांदळाची कणी आहेच. बलक फिका पडला तर अंड्याचं पोषण घटलं असं नाही; शेवग्याचा पाला, मेथी, लसूणघास रोज टाकला की आठ-दहा दिवसांत रंग परत येतो.

मक्यापासून इथेनॉल बनू लागल्यापासून त्याचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, स्वस्तात मिळतो आणि प्रथिनं जास्त म्हणून घेतला जातो. पिठूळ भाग निघून गेल्यावर मूळ मक्यातलं विष चोथ्यात जवळपास तिप्पट साठतं, हे विकणारा सांगत नाही. सोनेरी, गोडसर वासाचा असेल तर खाद्याच्या पाच टक्क्यांपर्यंत. गडद तपकिरी आणि जळका असेल तर त्यातलं लायसिन गेलेलं आहे. पिलांना मुळीच नको.

आजवर नुसता मका चालू असेल तर एका दिवसात बदलू नका, कोंबड्या नव्या खाद्याकडे पाठ फिरवतात. शिंपल्याचा चुरा मात्र आजच ठेवा. मग आठ-दहा दिवसांत रोज थोडा मका काढत मिश्रण वाढवा. पाय लुळे पडलेली कोंबडी असेल तर तिला वेगळी ठेवा, खाद्य-पाणी जवळ, शिंपला भरपूर. कवच सुधारलेलं आठवड्याभरात हाताला कळतं. अंड्यांची संख्या वाढायला तीन-चार आठवडे लागतात, कारण कोंबडी आधी स्वतःची हाडं भरून काढते.